सहा महिन्यांच्या आत

दुबई-शारजात राहणारा माणूस सलग सहा महिने देशाबाहेर राहिला की त्याचा रेसिडेन्स व्हिसा रद्द होतो. मग तुम्ही इथे वीस वर्षं घरभाडं भरलेलं असो, नाहीतर तुमचा जन्मच इथल्या हॉस्पिटलात झालेला असो. सहा महिन्यांच्या आत एकदा येऊन पासपोर्टावर शिक्का मारून घ्यायचा, चार दिवस राहायचं आणि वाटल्यास परत जायचं. आमच्या मुलाच्या बाबतीत हा नियम मी डोळ्यांत तेल घालून पाळला. त्यापायी जे झालं ते लिहायला बसले आहे, आणि लिहिताना मला स्वतःचा राग येतो आहे, हे आधीच सांगते.

माझ्या या काटेकोरपणाचं मूळ मंदीत आहे. नवरा दुबईत एका मोठ्या बांधकाम कंपनीत होता. इमारतीला किती सिमेंट, किती लोखंड लागेल याचे हिशेब करणारा इंजिनिअर. आम्ही तेव्हा डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहायचो. दोन हजार आठ सरलं आणि इमारती जिथल्या तिथे थांबल्या. एका गुरुवारी नवरा दुपारीच घरी आला, बूट न काढता सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "अगं, झालं. पत्र दिलं." नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि व्हिसा गेला की देश सोडायला तीस दिवस मिळतात. मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा होता. त्याने विचारलं, "आर वी गोइंग बॅक?" मला कळेना, हा 'बॅक' कुठे म्हणतोय. हा तर इथेच जन्मला होता, पुण्याला फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचा.

त्या महिन्यात मी पाच किलोची तांदळाची पिशवी आणली नाही. एकेक किलो आणायचे. जास्तीचा उरला तर त्याचं करायचं काय? समोरच्या फ्लॅटमधलं कुटुंब विसाव्या दिवशी गेलं. जाताना त्यांनी अर्धा डबा तूरडाळ माझ्या हातात ठेवली. मी हसून घेतली, आत आले, बाथरूमचा नळ सोडला आणि फरशीवर बसून पोटभर रडले. नळाच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार नाही असा माझा समज होता. सव्विसाव्या दिवशी शारजातल्या एका मराठी कंत्राटदाराकडे नवऱ्याला काम मिळालं. पगार आधीच्या निम्म्याहून थोडा जास्त. आम्ही शारजात अल मजाजला एका बेडरूमच्या घरात आलो आणि हॉलमध्ये कपाट आडवं लावून मुलाची खोली केली. वाचलो खरे. पण व्हिसा हा शब्द नुसता ऐकला तरी मी हातातलं काम थांबवायचे.

मुलगा बारावी झाला तेव्हा इथल्या कॉलेजांच्या फिया बघून आम्ही इथला विचारच सोडला. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "अगं, पुण्याला पाठव की." तो म्हणाला, "आई, आय डोन्ट नो एनीवन देअर." शेवटी पूर्व युरोपातल्या एका शहरात, परवडेल अशा फीमध्ये इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. त्या शहराचं नाव सासूबाईंना शेवटपर्यंत नीट घेता आलं नाही. मीही इथे घेत नाही.

इथला आणखी एक नियम असा, की मुलगा अठराचा झाला की तो शिकत असेपर्यंतच बापाच्या व्हिसावर राहू शकतो. दरवर्षी कॉलेजचा दाखला आणा आणि व्हिसा नवा करा. म्हणजे दोन दोऱ्या झाल्या. एक वर्षाची, दुसरी सहा महिन्यांची. मी सहा महिन्यांची दोरी घट्ट धरून बसले होते. वर्षाची काय, मुलगा हुशार आहे, पास होईलच.

त्याच सुमारास युरोपातल्या एका स्वस्त विमान कंपनीने वाळवंटातल्या नव्या विमानतळावरून थेट त्या शहरापर्यंत विमान सुरू केलं. नवरा स्क्रीनकडे बघून ओरडलाच. "साडेतीनशे दिरहम! म्हणजे किती, पावणेसहा हजार रुपये. एवढ्यात आपण मुंबईलासुद्धा जात नाही." मला तर देवच पावल्यासारखं वाटलं. फक्त या विमानाच्या अटी वेगळ्या होत्या. तीन-चार महिने आधी काढलं तर तिकीट स्वस्त, उशीर केला तर चौपट-पाचपट. बदल करायचा तर तिकिटापेक्षा दंड मोठा. बोर्डिंग पास घरून छापून न्यायचा. बॅग फुकटात एकच, तीही पायाशी मावेल एवढी. शेजारी बसायचं तर त्याचे वेगळे पैसे. आखाती माणसाला हे कसं झेपायचं? तीस किलोच्या वर चार किलो गोड बोलून खपवणारे आम्ही.

पहिल्यांदा तो निघाला तेव्हा मी त्याला दोन पँटी एकावर एक घातल्या. वर थंडीचं जाकीट. जाकिटाच्या एका खिशात गोडा मसाला, दुसऱ्यात चिवडा, आतल्या खिशात मेतकुटाची पुडी. सप्टेंबर महिना, बाहेर चाळीस डिग्री. पोरगं घामाने निथळत होतं. "आई, धिस इज इन्सेन," म्हणाला. बॅग मापायच्या लोखंडी चौकटीत त्याची पिशवी बसेना, तेव्हा मी तिच्यातला टॉवेल काढून त्याच्या गळ्यात मफलरसारखा गुंडाळला. काउंटरवरची मुलगी हसू दाबत होती. युरोपाचा पासपोर्ट नसलेल्यांना आधी वेगळ्या टेबलावर व्हिसा दाखवून पासवर शिक्का घ्यावा लागतो. तो शिक्का घेऊन तो आत गेला. मी पार्किंगमध्ये गाडीत बसल्याबसल्या फोनमध्ये तारीख घातली. सहा महिने, वजा दहा दिवस.

हे दहा दिवस माझे. सरकारने सहा महिने दिले होते, त्यातले दहा मी भीतीपोटी कापून घ्यायचे. विमान रद्द झालं तर, बर्फ पडला तर, पोराला ताप आला तर. आमच्या इमारतीतल्या सगळ्या बायका असंच करतात. कोणी आठ दिवस कापतं, कोणी पंधरा. आणि मग सेल लागला की त्या आतल्या तारखेचं तिकीट काढून मोकळं व्हायचं. पहिलं वर्ष असंच छान गेलं. तो आला, शिक्का मारला, आठ दिवस वरण-भात खाल्ला, गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. मी शेजारणींना सल्ले द्यायला लागले.

दुसऱ्या वर्षी तो ऑगस्टच्या सुरुवातीलाच परत गेला. भाषेचा काही वर्ग होता. म्हणजे सहा महिने फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपणार. ऑक्टोबरात सेल लागला आणि मी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातलं, एका बुधवारचं तिकीट काढलं. या वेळी मी स्वतः आठवडाभर आधी तिकडे जाणार होते. त्याचं शहर बघायचं, त्याला चार घास करून घालायचे आणि त्याला बरोबर घेऊनच परत यायचं. त्याला फोनवर सांगितलं, "तिकीट काढलंय हं, आता बदल नाही." तो म्हणाला, "ओके." परीक्षांचं वेळापत्रक डिसेंबरात लागतं, हे मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंही नाही.

त्या शहरात सगळीकडे बर्फ होता. त्याच्या हॉस्टेलजवळ एक खोली भाड्याने घेतली होती. मी कुकर घेऊन गेले होते, तोही जाकिटाच्या आत पोटाशी धरून, त्याबद्दल नंतर नवऱ्याने माझी पुरती टर उडवली. मुलगा दिवसभर माझ्या खोलीत पुस्तकं उघडून बसायचा. गणिताची. पान उलटायचा नाही, नुसता बसायचा. मला वाटलं, काय हे लेकरू, सुट्टी लागायच्या वेळीसुद्धा अभ्यास. मी त्याच्यापुढे गरम पोळ्या वाढत राहिले आणि मनातल्या मनात दृष्ट काढत राहिले. निघायच्या आदल्या दिवशी जेवताना तो ताटाकडे बघत म्हणाला, "आई, व्हॉट इफ आय कम ऑन फ्रायडे? देअर इज अनदर फ्लाइट."

"का? पार्टी आहे कोणाची?"

"नो. जस्ट आस्किंग."

"खलास," मी म्हटलं. "तिकीट काढलंय, बदलत नाही. शुक्रवारचं आज काढायचं तर सोळाशे दिरहम, म्हणजे सव्वीस हजार रुपये. आणि बर्फाने ते विमान उडालंच नाही तर? व्हिसा गेला म्हणजे काय होतं, तुला माहीत नाही."

"ओके," तो म्हणाला, आणि उरलेली अर्धी पोळी त्याने खाल्ली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळीच विमानतळावर पोहोचलो. शिक्का, चौकट, रांग, सगळं झालं. शेजारी बसायचे पैसे मी भरले नव्हते. पाच तासांनी काय होतंय, म्हणून. मला सहावी रांग मिळाली, त्याला सत्ताविसावी. गेटपाशी निळ्या स्वेटरातल्या एका मुलीने त्याला हात केला, तर याने मान फिरवली. मला ते आवडलं नाही. मुलींशी असं वागायला आपण शिकवलंय का? नेमकी तीच मुलगी सहाव्या रांगेत माझ्या शेजारी आली. शारजातच वाढलेली मल्याळी, मुलाच्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला. बोलकी होती. विमान वर गेल्यावर तिने मला चघळायला गोळी दिली आणि सहज विचारलं, "आंटी, उसका मॅथ्स का क्या हुआ? आज ही तो था ना, दस बजे?"

मी म्हटलं, "क्या था?"

"पेपर. थर्ड चान्स. उसके बाद तो इयर रिपीट करना पडता है." माझा चेहरा बघून ती थांबली. "शायद पोस्टपोन हुआ होगा," ती घाईने म्हणाली, पण मग खिडकीकडे तोंड करून बसली.

मी घड्याळ बघितलं. बारा वाजून गेले होते. पेपर सुरू होऊन संपतही आला असेल. मी पट्टा सोडून उठले, तर समोर सँडविचांची गाडी. मधल्या बोळात ती गाडी आणि तिच्यामागे लॉटरीची कार्डं विकणारा कर्मचारी. "मॅडम, प्लीज, सीट." मी बसले. गाडी एकेका रांगेशी थांबत होती, सुटे युरो मोजले जात होते, कोणाला चहा हवा, कोणाला अत्तर. मी मान वळवून मागे बघत राहिले. सत्ताविसाव्या रांगेतलं काही दिसत नव्हतं. आयुष्यात इतका वेळ मी कशासाठी थांबले असेन असं मला वाटत नाही.

गाडी पुढे सरकली तशी मी मागे गेले. तो खिडकीपाशी होता. त्याच्या-माझ्या मधल्या दोन खुर्च्यांवर दोन धिप्पाड अनोळखी माणसं. त्यांच्या डोक्यावरून बोलण्याखेरीज इलाज नव्हता. मी मराठीत विचारलं, "आज तुझा पेपर होता?"

"हू टोल्ड यू?"

"होता की नव्हता?"

"इट वॉज."

"आणि आधी दोनदा नापास झालास?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"मग मला सांगितलं का नाहीस? तोंड शिवलं होतं का?"

"आय आस्क्ड यू अबाउट फ्रायडे. यू सेड खलास."

"अरे मूर्खा, पेपर आहे म्हणाला असतास तर मी सोळाशे काय, तीन हजार भरले असते!"

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "यू वुड हॅव क्राइड. लाइक दॅट टाइम, इन द बाथरूम. आय वॉज थर्टीन, आई. आय वॉज स्टँडिंग आउटसाइड द डोअर."

माझं मराठी त्या दोघा माणसांना कळत नव्हतं. त्याचं इंग्रजी कळत होतं. दोघांनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. मग मधला माणूस उठला, मला हाताने आत बसायची खूण केली, आणि माझा बोर्डिंग पास घेऊन सहाव्या रांगेकडे गेला. मी मुलाशेजारी बसले. मला त्याला जवळ घ्यायचं होतं आणि दोन थोबाडीतही द्यायच्या होत्या. दोन्हीतलं काहीच जमलं नाही. त्याचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता, मी त्याच्यावर माझा हात ठेवला. त्याने तो काढून घेतला नाही. उतरेपर्यंत आम्ही तसेच बसलो. चाकं जमिनीला लागली तेव्हा सगळ्या विमानाने टाळ्या वाजवल्या. त्या लोकांत तशी रीत आहे. आम्ही दोघांनी वाजवल्या नाहीत.

इमिग्रेशनच्या काउंटरवरचा माणूस तरुण होता. मुलाचा व्हिसा बघून त्याने शिक्का मारला आणि हसून म्हणाला, "वेलकम होम." नवे सहा महिने मिळाले होते. त्याच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

नवरा रागावेल असं मला वाटलं होतं. रागावला असता तर बरं झालं असतं. तो सगळं ऐकून भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेला, बोट फिरवत राहिला आणि म्हणाला, "शुक्रवारी आला असता तरी आठवड्याहून जास्त दिवस हातात होते गं." मी म्हटलं, "हो." त्या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालं. मुलगा कपाटामागच्या खोलीत होता. तिथून सगळं ऐकू येतं.

पुढचं सगळं सरळ होतं. गणितात अडकल्यामुळे पुढच्या वर्षाचे विषय त्याला घेता येईनात. कॉलेजने त्याचं नाव कमी केलं नाही, पण जोवर पुन्हा वर्ग सुरू होत नाहीत तोवर पूर्णवेळ विद्यार्थी असल्याचा दाखला देता येणार नाही, असं कळवलं. आणि सप्टेंबरात व्हिसा नवा करायला तोच दाखला हवा होता. नवऱ्याच्या कंपनीतला सरकारी कामं करणारा माणूस कागद घेऊन तीनदा खेटे घालून आला. पहिल्या दोन वेळा "इन्शाल्ला, हो जाएगा" म्हणाला. तिसऱ्या वेळी त्याने कागद परत दिले. शिक्षण चालू नसलेला मोठा मुलगा बापाच्या व्हिसावर बसत नाही. मुलाचा व्हिसा संपला. मी जी दोरी घट्ट धरून होते ती शाबूत होती. दुसरी मी स्वतःच्या हाताने कापली होती.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात मी त्याच्यासाठी टुरिस्ट व्हिसाचा अर्ज भरायला टायपिंग सेंटरमध्ये गेले. अरबीत फॉर्म टाइप करून देणारी ही छोटी दुकानं असतात. टाइप करणाऱ्याने मान वर न करता विचारलं, "कौन आ रहा है?"

"बेटा."

"पहली बार?"

 पाहुणा म्हणून येण्याची ही पहिलीच वेळ होती. मी हो म्हटलं.

तो आला. पाहुण्यांच्या रांगेत उभा राहून, त्याच स्वस्त विमानाने. तीन आठवडे राहिला. गणित सुटलं होतं, वर्ग पुन्हा लागले होते, चेहऱ्यावर जरा रंग आला होता. आमच्याशी हसून बोलायचा. सकाळी अंघोळीला जाताना एकदा त्याने विचारलं, "आई, विच टॉवेल कॅन आय यूज?" मी म्हटलं, कुठलाही घे. आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवत बसले.

तो निघाला त्या दिवशी विमानतळावर मी सवयीने विचारलं, "मग आता कधी?" इतकी वर्षं आमच्या घरात या प्रश्नाचं उत्तर तारीख हे असायचं. ती मी ठरवायची आणि त्याने 'ओके' म्हणायचं. तो हसला. "नाउ यू डोन्ट हॅव टू काउंट, आई," तो म्हणाला. "लेट्स सी."

मला बरं वाटावं म्हणून तो ते म्हणाला, हे मला कळत होतं. पण दर सहा महिन्यांनी पोरगं डोळ्यांपुढे यावं म्हणून मी सरकारच्या नियमाच्या आड लपले होते, हे मला तिथे, त्या पार्किंगच्या दाराशी उमगलं. 'ये रे, तुझ्यावाचून करमत नाही' असं मी त्याला एकदाही म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच पडली नव्हती. तेव्हाही जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं. मी म्हटलं, "जेवत जा वेळेवर." तो "येस, येस" म्हणत आत गेला.

पुढच्या खेपेला तो सतरा महिन्यांनी आला.